ट्रॅकची मर्यादा आणि ऑस्ट्रियाची 2023 ची शर्यत

फॉर्म्युला वनच्या नियमानुसार कडेच्या पांढऱ्या रेषा ट्रॅकचाच भाग असतात, त्यापलीकडचे कर्ब (उंच कडा) मात्र नसतात. गाडीचा एकही भाग ट्रॅकला टेकलेला नसेल, तर चालकाने मर्यादा ओलांडली असे धरतात. पात्रता फेरीत तो लॅप रद्द होतो. शर्यतीत तिसऱ्या चुकीला इशाऱ्याचा काळा-पांढरा झेंडा दाखवतात, चौथीला 5 सेकंदांचा दंड होतो.

नियम सोपा, अंमलबजावणी अवघड. 2 जुलै 2023 रोजी ऑस्ट्रियातील रेड बुल रिंगवर मर्यादा ओलांडल्याचे 1,200 हून अधिक संशयित प्रकार नोंदले गेले. ते शर्यतीदरम्यान तपासून होणे शक्यच नव्हते. ॲस्टन मार्टिन संघाने निकालाला हरकत घेतल्यावर स्ट्युअर्ड्सनी (शर्यतीच्या पंचांनी) पुन्हा छाननी केली आणि आठ चालकांना दंड झाला. त्यांपैकी कार्लोस साइन्झ चौथ्यावरून सहाव्या क्रमांकावर गेला.

चाहत्यांचा राग समजण्याजोगा होता: शर्यतीनंतर काही तासांनी बदललेला निकाल, तांत्रिकदृष्ट्या अचूक असला तरी, शर्यतीची मजाच घालवतो. खरा दोष वळणांच्या रचनेत होता. नवव्या आणि दहाव्या वळणाबाहेर डांबर असल्याने रेषेबाहेर जाण्यात फायदा होता. 2024 मध्ये तिथे खडीचे पट्टे टाकले. आता बाहेर गेलेल्या चालकाचा वेळ तिथेच वाया जातो, त्यामुळे तक्रारी खूपच घटल्या.