तीन सेकंद थांबा, मूल बोलेल

"समजलं का?" असे गुरुजी विचारतात. सारा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो आणि धडा पुढे सरकतो. ज्यांना समजलेले नसते, तीही मुले त्या "हो"मध्ये सामील असतात. नाही म्हटले तर हसे होईल, ही धास्ती! घरी अभ्यास घेणारे कुणी नसलेली कित्येक मुले अशीच मागच्या बाकावर गप्प राहतात आणि "ढ" ठरतात. आम्ही म्हणतो, मुलाला ढ म्हणण्याआधी त्याला प्रश्न कसा विचारला ते पाहा.

अमेरिकेतील संशोधिका मेरी बड रो यांनी वर्गातले संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले व १९७४ साली निष्कर्ष मांडले. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत. त्यातही कच्च्या समजल्या गेलेल्या मुलांना हुशारांपेक्षा कमी वेळ मिळे. ज्याला वेळेची गरज अधिक, त्यालाच तो कमी! शिक्षक तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा उत्तरे मोठी झाली, "माहीत नाही" कमी झाले आणि मागे पडलेली मुलेही बोलू लागली.

दुसरा उपाय आपल्या ओळखीचा आहे, तो म्हणजे पाटी. सर्वांनी उत्तर लिहायचे आणि एकदम पाट्या वर करायच्या. कोण कुठे अडले, ते गुरुजींना एका नजरेत कळते. हात वर करणाऱ्या चारच मुलांवर वर्ग चालत नाही.

चूकही बोलते. ५२ मधून १७ वजा करून मूल ४५ लिहिते. नुसती फुली मारली तर ते काय शिकणार? "कसं काढलंस?" असे विचारा. ते सांगेल, "सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार." म्हणजे वजाबाकी त्याला येते, हातचा तेवढा कळलेला नाही. आता नेमके काय शिकवायचे ते समजले.

महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, त्यातील आकारिक मूल्यमापनाचा हेतू हाच होता. म्हणून पालकसभेत केवळ "मार्क किती?" विचारू नका. "मूल कुठे अडते, आणि त्यासाठी काय करता?" हेही विचारा.

आणि माता-भगिनींनो, स्वतःला लिहिता-वाचता येत नसले तरी संकोचू नका. भाकरी थापता थापता विचारा, "हे कसं केलंस, मला सांग बरं." मग मनात एक, दोन, तीन मोजा. मधे बोलू नका, रागावू नका. मुलाला उत्तर शोधू द्या.