ज्वारी ज्वारीत, हरभरा हरभऱ्यात

घरातले मूल सातवीचे पुस्तक वाचत असते. त्यात आकड्यांसोबत अक्षरे लिहून त्यांची बेरीज मांडलेली असते. आपण म्हणतो, "अक्षरांची कुठं बेरीज होते व्हय?" होते. तोंडी तर आपण ती नेहमीच करतो. आज ती लिहून पाहू.

समजा, एका शेतकऱ्याने सोमवारी बाजारात माल नेला. 3 पोती ज्वारी आणि 2 पोती हरभरा. गुरुवारी दुसरी खेप नेली. तिच्यात 2 पोती ज्वारी आणि 4 पोती हरभरा. पोती सगळी सारख्या वजनाची. दोन्ही खेपांना भाव एकच मिळणार, पण तो अजून ठरायचा होता. मग हिशेब मांडायचा कसा?

भाव माहीत नाही, तर त्याला एक अक्षर देऊ. ज्वारीच्या एका पोत्याचा भाव ज रुपये. हरभऱ्याच्या एका पोत्याचा भाव ह रुपये. ध्यानात ठेवा, ज म्हणजे ज्वारी नव्हे. ज म्हणजे एका पोत्याचे रुपये. किती, ते मागाहून कळेल.

पहिली खेप: 3ज + 2ह
दुसरी खेप: 2ज + 4ह

आता बेरीज करू. ज खाली ज लिहा, ह खाली ह लिहा. 3ज आणि 2ज मिळून 5ज. 2ह आणि 4ह मिळून 6ह.

एकूण: 5ज + 6ह

कोणी म्हणेल, "5 आणि 6 मिळून 11 पोती. एवढं सोपं असताना अक्षरं कशाला?" गाडीतून किती पोती उतरवायची, ते 11 या आकड्याने कळते. पैसे मात्र कळत नाहीत. कसे ते पाहा.

समजा, ज्वारीचा भाव पोत्याला 1,500 रुपये निघाला. हरभऱ्याचा 2,500 रुपये निघाला. आता अक्षराच्या जागी भाव घालू.

5 × 1,500 = 7,500
6 × 2,500 = 15,000
एकूण 22,500 रुपये.

कोणी 11 पोती सरसकट ज्वारीच्या भावाने धरली, तर होतात 16,500 रुपये. म्हणजे 6,000 रुपये बुडाले! पोती बरोबर मोजली, तरी बेरीज चुकली.

गाडीभाडे दर खेपेला 400 रुपये. दोन खेपांचे 800. हा नुसता आकडा आहे. तो ज मध्ये मिळत नाही, ह मध्येही मिळत नाही. तो वेगळाच राहतो, आणि वजा होतो.

5ज + 6ह − 800

हातात पडतील 21,700 रुपये.

एका जातीच्या पदांना सजातीय पदे म्हणतात. 3ज आणि 2ज सजातीय. 3ज आणि 2ह विजातीय. बेरीज सजातीय पदांचीच करायची. विजातीय पदे शेजारी शेजारी लिहून ठेवायची.

हा नियम जुना आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली आपला मोठा ग्रंथ पुरा केला. त्यातल्या बीजगणिताच्या भागात हाच नियम आहे. जी संख्या कळलेली नाही, तिला ते 'यावत्तावत्' म्हणत. म्हणजे जितके असेल तितके. अशा आणखी संख्या असल्या, तर त्यांना रंगांची नावे देत. काळा, निळा, पिवळा, तांबडा. काळ्यात काळा मिळवायचा, निळ्यात निळा. पुढे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावाजवळच्या पाटण येथे हे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तसा शिलालेख तिथे सापडला आहे.

आता पाटी घ्या. एक खेप 4ज + ह, दुसरी खेप 3ज + 5ह. बेरीज किती? नुसता ह लिहिला, तर तो 1ह समजायचा. उत्तर 7ज + 6ह आले, तर बरोबर.

उद्या बाजारात हिशेबाची पावती हातात येईल. सहीची घाई करू नका. ज्वारी ज्वारीत मिळवली आहे ना, हरभरा हरभऱ्यात मिळवला आहे ना, तेवढे आधी पाहा. मग सही करा.