आहेर, दक्षिणा आणि म्हातारपणाची वर्गणी

ब्रिटनमधील करवर्ष ५ एप्रिलला संपते आणि त्या वर्षाच्या प्राप्तीचे विवरणपत्र पुढल्या ३१ जानेवारीच्या आत महसूल खात्याकडे दाखल करावे लागते. त्यामुळे जो कोणाच्या चाकरीत नाही, आपल्या विद्येवर किंवा हातच्या कसबावर ज्याचा चरितार्थ चालतो, त्याचा जानेवारी महिना पावत्या हुडकण्यात आणि जमाखर्चाची रुजवात घालण्यात सरतो. लंडनच्या वायव्येस हॅरो उपनगरात या कामात मुरलेल्या एका मराठी हिशेबनीस बाईंच्या शेजारी बसून मी ते पाहिले. अशील होते एक पुरोहित, आणि त्यांनी टेबलावर आणून ठेवली होती पाकिटांची एक चळत : कोणात ५१ पौंड, कोणात १०१, काहींवर हळदकुंकवाची बोटे उमटलेली.

‘‘ताई, हे लोकांनी श्रद्धेने दिलेले. मागून घेतलेले नव्हे. याला कर कसला?’’ असे त्यांनी विचारले. बाईंनी उत्तर न देता एकेक पाकीट उचलून विचारले, ‘‘गुरुजी, त्या दिवशी त्या घरी तुम्ही काय केलेत?’’ वास्तुशांत, सत्यनारायण, वर्षश्राद्ध अशी उत्तरे येत गेली आणि ती पाकिटे डावीकडे, धंद्याच्या जमेकडे, जात राहिली. एकाच यजमानांची दोन पाकिटे मात्र वेगळी झाली : मुंजीचे डावीकडे गेले, गुरुजींच्या कन्येच्या विवाहात त्याच यजमानांनी आहेर म्हणून दिलेले २०० पौंड उजवीकडे. देणारा एक, घेणारा एक, प्रेमही तेच; भेद एवढाच, की पहिली रक्कम गुरुजींच्या कर्माला आली आणि दुसरी एका घराने दुसऱ्या घराला दिली.

हा विवेक ब्रिटिश न्यायासनांनी फार पूर्वी करून ठेवला आहे. ईस्टरच्या दिवशी भाविकांनी स्वेच्छेने जमवून दिलेली रक्कम धर्मोपदेशकाला त्याच्या पदामुळे मिळते, म्हणून ती करपात्र होय, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०९ मध्ये दिला. तर केंटचा क्रिकेटपटू जेम्स सेमूर याच्या गौरवार्थ झालेल्या सामन्याचे उत्पन्न ही व्यक्तीला दिलेली भेट होय, असे त्याच सभागृहाने १९२७ मध्ये ठरवले.

निव्वळ भेटीवर घेणाऱ्याला तेथे प्राप्तिकर नाही. भारतात नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांवर रोख भेट मिळाली, तर विवाहादी अपवाद वगळता ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. ब्रिटनमध्ये प्रश्न निघतो तो देणाऱ्याच्या मृत्यूनंतर. गुरुजींच्या वृद्ध मामांनी त्यांना १०,००० पौंड दिले होते. वर्षाला ३,००० पौंडांची भेट वारसाकरातून मुक्त असते आणि आदल्या वर्षीची न वापरलेली सवलत एकदा पुढे ओढता येते, म्हणून ६,००० लगेच सुटले. उरलेले ४,००० मामा सात वर्षे हयात राहिल्यास हिशेबाबाहेर जातील, आणि न राहिल्यास त्यांच्या ३,२५,००० पौंडांच्या करमुक्त मर्यादेतून प्रथम वजा होतील. मात्र त्या पैशावर पेढीत मिळणारे व्याज हे गुरुजींचे उत्पन्न होय. बाईंनी भेटीची तारीख टिपून ठेवली आणि तो विषय तेथेच मिटला.

मन रमले ते पुढल्या कामात. सामग्रीचा खर्च आणि मोटारीचा मैलामागे ४५ पेन्सांचा आकार वजा जाता २०२४-२५ चा नफा ५,९०० पौंडांच्या आसपास आला. १२,५७० पर्यंत प्राप्तिकर नाही, आणि नफ्यावर सहा टक्क्यांनी आकारली जाणारी राष्ट्रीय विम्याच्या चौथ्या वर्गाची वर्गणीही त्याच आकड्यापुढे सुरू होते. गुरुजींना हायसे वाटले; बाईंना वाटले नाही. १९११ च्या कायद्याने लॉइड जॉर्ज यांनी जो विमा आरंभला आणि जो ५ जुलै १९४८ पासून स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांनाही लागू झाला, त्यात नुसते राहून भागत नाही, वर्ष पदरी पडावे लागते : दहा वर्षांखाली निवृत्तिवेतन नाही, पूर्ण वेतनाला पस्तीस वर्षे. ज्याचा नफा ठरावीक मर्यादेइतका (२०२४-२५ साठी ६,७२५) किंवा अधिक, त्याचे वर्ष एप्रिल २०२४ पासून दुसऱ्या वर्गाची वर्गणी न भरताही धरले जाते. त्याखालच्याला ती स्वेच्छेने भरावी लागते; २०२४-२५ साठी आठवड्याला ३.४५ प्रमाणे वर्षाचे १७९.४० पौंड होत होते. तिसऱ्या वर्गातून तेच वर्ष घ्यायचे तर ९०७.४० पडले असते, आणि दुसऱ्या वर्गाची स्वस्ताई केवळ त्यालाच मिळते ज्याने आपला व्यवसाय दप्तरी नोंदवला आहे.

आपले पुरोहित, घरोघरी डबे पुरवणाऱ्या भगिनी, तबल्याचे गुरू हाती आलेल्या रोकडीला भेट म्हणून बाजूला सारतात, तेव्हा त्या उत्पन्नाच्या पातळीवर सरकारचे काहीच बुडत नाही. बुडतात ती त्यांच्याच म्हातारपणाची वर्षे, आणि याचे मला मनापासून दुःख आहे. त्या वर्षीच्या दराने पूर्ण वेतन आठवड्याला २२१.२० पौंड होते. त्याचा पस्तिसावा भाग ६.३२, म्हणजे वर्षाकाठी सुमारे ३२८, आणि तो आमरण. एकदा भरलेले १७९.४० निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी परत येतात.

गुरुजींनी हा गुणाकार स्वतःच्या हाताने पाकिटाच्या पाठीवर करून पाहिला, दोनदा. स्वेच्छा वर्गणीच्या चौकटीत खूण झाली. मग त्यांनी विचारले, ‘‘मागल्या वर्षांचे काय, ताई? तेव्हाही मी हेच करत होतो.’’ साधारणपणे सहा वर्षांपर्यंतची खिंडारे भरता येतात, पण त्या वर्षांच्या जमेचा पुरावा हवा आणि आधी विम्याचे सरकारी खाते पाहायला हवे, असे सांगून बाईंनी ते उघडले. गुरुजी जुन्या रोजनिशा आणायला घरी निघाले.