पानावरचा ठिपका म्हणजे रोगच, असं नाही

गव्हाच्या पानावर बारीक फिकट ठिपके दिसले की पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: तांबेरा आला, पंप काढा. पुष्कळदा तो बरोबरही निघतो. पण काही वेळा तोच ठिपका झाडाने रोग जागीच रोखल्याची खूण असतो. त्यामुळे ठिपका दिसला म्हणजे झाड हरलं, हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आधी दूर करायला हवा.

तांबेऱ्याचा बीजाणू पानावर पडतो आणि दवाच्या ओलीत रुजतो. त्यातून निघालेली नळी पानावरून सरकत पर्णरंध्र गाठते आणि तिथून आत शिरते. आत गेल्यावर बुरशी पेशीची भिंत भेदून एक फुगीर शोषकांग आत घुसवते आणि त्यातून अन्न ओढू लागते. तिची एक अडचण मात्र असते. ती जिवंत पेशीवरच जगू शकते, मेलेल्या पेशीतून तिला काहीही मिळत नाही. प्रतिकारक वाणाची पेशी घुसखोर ओळखते आणि स्वतःला संपवते. शेजारच्या काही पेशीही तिच्यासोबत मरतात. बुरशीची उपासमार होते, तिची वाढ खुंटते आणि बाहेर उरतो सुईच्या टोकाएवढा फिकट डाग. अमेरिकेत ई. सी. स्टॅकमन यांनी १९१५ साली गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्यात हे वर्तन नोंदवलं आणि त्याला अतिसंवेदनशीलता म्हटलं. शेतात फरक ओळखायचा तर ठिपक्यावरून बोट फिरवावं. विटकरी भुकटी बोटाला लागली तर बुरशी वाढते आहे आणि नवे बीजाणू तयार करते आहे. ठिपका कोरडा असेल तर लगेच निकाल देऊ नये, कारण तांबेऱ्याची सुरुवातही अशीच दिसते. चार-पाच दिवस रोज तेच पान पाहावं.

झाडाला प्रतिकारशक्ती नसतेच, जाड साल आणि मेणचट पान एवढंच त्याचं संरक्षण, असंही अनेकांना वाटतं. झाडात रक्त नाही, रक्तातून फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत आणि प्रतिपिंडंही नाहीत, इथपर्यंत हे बरोबर आहे. पण म्हणूनच हे काम जवळजवळ प्रत्येक पेशीवर येतं. गावाला पहारेकरी नसला की प्रत्येक घराने आपली राखण आपणच करायची, तशी ही व्यवस्था आहे. पेशीच्या पडद्यावर संवेदक प्रथिनं असतात. काही प्रथिनं बुरशीच्या भिंतीतलं कायटिन ओळखतात, तर काही जिवाणूंच्या पोहायच्या शेपटीतलं प्रथिन. स्वित्झर्लंडमधील थॉमस बोलर यांच्या गटाने दाखवून दिलं की त्या शेपटीच्या प्रथिनातला अवघा २२ अमिनो आम्लांचा तुकडा दिला तरी झाड सावध होतं. मग काही मिनिटांतच पेशीत कॅल्शियम शिरतं, ऑक्सिजनची दाहक रूपं तयार होतात आणि पुढच्या काही तासांत पेशीभिंत जागोजागी जाड होते.

पर्णरंध्रं म्हणजे जंतूंसाठी सदैव उघडं दार, ही समजूतही अर्धवटच आहे. जिवाणूची चाहूल लागताच झाड ती रंध्रं मिटून घेतं, हे २००६ साली प्रयोगांतून दिसलं. स्यूडोमोनास सिरिंजी या जिवाणूचे काही प्रकार मात्र कोरोनाटिन नावाचं विष सोडून ती पुन्हा उघडायला लावतात. वनस्पतीचं संरक्षण समजून घ्यायचं तर ही चढाओढ नीट पाहावी, असं मला मनापासून वाटतं. रोग होतो तो बहुतेकदा झाड दुबळं असतं म्हणून नव्हे. जंतूने झाडाला चकवलेलं असतं, म्हणून होतो.

हे ध्यानात आलं की रोगट पिकाला ताकद यावी म्हणून युरियाचा जादा हप्ता देण्यातला धोकाही कळतो. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात, पीक दाटतं, आत ओल टिकून राहते आणि भातावरच्या करप्यासारख्या रोगांना उलट जोर चढतो.

प्रतिकारक वाण एकदा घेतलं की कायमची काळजी मिटली, हा गैरसमज सर्वांत महागात पडणारा. नॉर्थ डकोटात हॅरल्ड फ्लोर यांनी १९४०च्या दशकात जवसाचे संकर केले आणि त्यावरच्या तांबेऱ्याचेही केले. त्यांना दिसलं की झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असतो. बुरशीतला तो जनुक बदलला की झाड तिला ओळखतच नाही. रायमधून गव्हात आणलेल्या एसआर ३१ या जनुकाने खोडावरचा तांबेरा जगभर कित्येक वर्षं रोखला होता. १९९८ साली युगांडात त्यालाही न जुमानणारा प्रकार सापडला. पुढे तो यूजी ९९ या नावाने ओळखला जाऊ लागला.

समाजमाध्यमांवर ॲस्पिरिन विरघळवून झाडांना घालायचा सल्ला फिरत असतो. त्यामागचं मूळ संशोधन खरं आहे. फ्रँक रॉस यांनी १९६१ साली दाखवलं की तंबाखूच्या खालच्या पानांना विषाणूची लागण झाली की वरची पानंही सावध होतात. १९७९ साली इंग्लंडमध्ये रेमंड व्हाइट यांनी तंबाखूच्या पानात ॲस्पिरिन टोचलं, तेव्हा विषाणूचे डाग कमी पडले. ॲस्पिरिन हे झाडात तयार होणाऱ्या सॅलिसिलिक आम्लाचं भावंड आहे. पण मात्रा चुकली तर पानं करपतात. शिवाय सततचा बचाव झाडाला परवडत नाही. प्रतिकार कायम चालू राहतो अशी उत्परिवर्तित रोपं खुजी राहतात. मेलेल्या पेशींवर पोसणाऱ्या बुरशीपुढे तर पेशींचं आत्मबलिदान उलटतं. अमेरिकेत १९४०च्या दशकात व्हिक्टोरिया जातीपासून काढलेली ओटची वाणं तांबेरा रोखतात म्हणून भराभर पसरली. पुढे एका वेगळ्या बुरशीने त्यांचा फडशा पाडला. तिचं विष बाधायचं ते नेमकं या तांबेरा-प्रतिकारक वाणांनाच.

तांबेरा संपूर्ण थांबवतं तेच चांगलं वाण, असं मानून चालत नाही. एलआर ३४ हा गव्हातला जनुक बुरशीला ठार करत नाही, तिचा वेग कमी करतो. त्याच्या पानांवर फोड येतात, पण उशिरा, लहान आणि थोडे. पानावरचा व पिवळा तांबेरा आणि भुरी या तिन्हींवर तो थोडाफार चालतो आणि अनेक दशकं टिकला आहे. पैदासकार असे तीन-चार जनुक एकत्र आणायची धडपड करतात, ती म्हणूनच.

भारतात वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांनी दाखवलं होतं की मैदानी प्रदेशातल्या उन्हाळ्यात गव्हाचा तांबेरा टिकत नाही, दरवर्षी डोंगरांतून नव्याने येतो. आजही सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात देशभरातून तांबेऱ्याचे नमुने येतात आणि त्यांत कोणते प्रकार आहेत ते तपासलं जातं. महाबळेश्वरच्या थंड, दमट हवेत गव्हाची नवी वाणं मुद्दाम तांबेऱ्यापुढे उभी केली जातात. नव्या प्रकाराची चाहूल वेळेत लागली, तर कोणतं वाण कुठे पेरू नये हे पुढच्या हंगामाआधी शेतकऱ्याला सांगता येतं.