नकाशा आणि सांगोवांगी

नेटवर्कमधील पॅकेटांना पुढची वाट दाखवणाऱ्या राउटरांनी आपल्याला ठाऊक असलेल्या वाटा एकमेकांना कशा कळवाव्यात, या प्रश्नाची दोन उत्तरे रूढ झाली. पहिल्या पद्धतीत राउटर शेजाऱ्याला ‘अमुक ठिकाण माझ्यापासून इतके दूर आहे’ एवढेच सांगतो आणि शेजारी त्या सांगोवांगीवर विसंबून आपला हिशेब मांडतो. दुसऱ्या, म्हणजे लिंक-स्टेट पद्धतीत प्रत्येक राउटर फक्त स्वतःला जोडलेल्या दुव्यांची स्थिती घोषित करतो, ती घोषणा जशीच्या तशी सर्वांपर्यंत पोहोचते, आणि मग त्या एकाच नकाशावरून प्रत्येक जण एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या रीतीने आपला सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढतो.

इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटने १९७९ मध्ये पहिली पद्धत सोडून दुसरी स्वीकारली, आणि सर्वांनी सर्व काही कळवण्यातला धोका लवकरच दिसला. २७ ऑक्टोबर १९८० रोजी बिघडलेल्या यंत्रामुळे एकाच घोषणेच्या ८, ४० आणि ४४ अशा क्रमांकांच्या तीन प्रती फिरू लागल्या. ६३ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येणाऱ्या क्रमांकपद्धतीत त्यांतली प्रत्येक दुसरीहून नवी ठरत राहिली, आणि सारे जाळे काही तास ठप्प झाले. १९८३ मध्ये रेडिया पर्लमन यांनी न गुंडाळणारे क्रमांक व घोषणेचे वय यांच्या आधारे हा प्रसार भक्कम करण्याचा मार्ग दाखवला.

मात्र नकाशा वाढतो तसे प्रत्येक राउटरवरील ओझे वाढते, आणि दूरवरचा दुवा तुटला-जुळला तरी सगळ्यांना हिशेब पुन्हा करावा लागतो. म्हणून जॉन मॉय यांनी शब्दबद्ध केलेल्या ओएसपीएफ या प्रोटोकॉलात, ज्याचे आरएफसी २३२८ हे प्रमाण विवेचन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, जाळे ‘एरिया’ नावाच्या विभागांत वाटता येते. नकाशा एरियाच्या वेशीपर्यंतच जातो. वेशीवरचा राउटर दोन्हीकडचे नकाशे बाळगतो, पण एकीकडचा दुसरीकडे देत नाही. ‘हा पत्ता माझ्यामार्फत इतक्या खर्चात मिळेल’ अशी सारांश-घोषणा तेवढी करतो. म्हणजे एरियाच्या आत लिंक-स्टेट आणि एरियांच्या दरम्यान पुन्हा सांगोवांगी. ही तडजोड दुय्यम मानणे चूक ठरेल, कारण लिंक-स्टेट प्रोटोकॉलांचे शहाणपण नेमके तिथेच कसाला लागते.

सांगोवांगीचा जुना दोष असा की बातमी फिरून मूळ सांगणाऱ्याकडेच नवी म्हणून परत येते आणि पॅकेटे राउटरांमध्ये घिरट्या घालत बसतात. ओएसपीएफने त्याला रचनेतूनच पायबंद घातला: चाकाचे आरे तुंब्याला जोडलेले असतात तसे सर्व एरिया शून्य क्रमांकाच्या मध्यवर्ती एरियाला जोडलेले असावेत, आणि वेशीवरच्या राउटरने इतर एरियांबाबत फक्त या मध्यवर्ती एरियातून आलेलेच सारांश ग्राह्य धरावेत, असा दंडक आहे.

सारांश आणखी आवळता येतो. १०.४.०.० पासून १०.४.२५५.० पर्यंतच्या २५६ उपजाळ्यांऐवजी वेशीवरून १०.४.०.०/१६ एवढाच पत्ता सांगितला, तर आतल्या एखाद्या उपजाळ्याची उघडझाप बाहेर कोणालाही जाणवत नाही. पण एरिया आतून दुभंगला, तर दोन्ही वेशी तोच पत्ता सांगत राहतात आणि चुकीच्या वेशीवर आलेले पॅकेट तिथेच टाकून दिले जाते.

मोठ्या सेवादात्यांच्या पसंतीच्या आयएस-आयएस या प्रोटोकॉलात वेस राउटरवर नव्हे, दोन राउटरांमधल्या दुव्यावर पडते. तिथे १९९० च्या आरएफसी ११९५ नुसार खालच्या, म्हणजे एरियातल्या, पातळीवरचे पत्ते वरच्या पातळीवर जात, मात्र वरून खाली काहीच येत नसे. आतला राउटर बाहेरचे प्रत्येक पॅकेट सर्वांत जवळच्या वेशीकडे ढकलून मोकळा होई, मग पुढचा प्रवास कितीही लांबचा असो. बाहेर पडण्याच्या दोन वाटांपैकी खरोखर जवळची कोणती, हे त्याला ठरवता येत नसे. २००० मध्ये आरएफसी २९६६ ने निवडक पत्ते खाली सोडण्याची मुभा दिली, आणि फेऱ्याचा धोका एका बिटने टाळला: वरून खाली आलेल्या पत्त्यावर खूण होते आणि खूण असलेला पत्ता पुन्हा वर चढवण्यास मनाई असते.

या मुभेची निकड पत्त्याऐवजी लेबल पाहून पॅकेटे पुढे पाठवणाऱ्या एमपीएलएस तंत्रामुळे अधिक भासली, कारण तिथे लेबल वाटणारा एलडीपी प्रोटोकॉल दूरच्या राउटरच्या नेमक्या /३२ पत्त्याशी जुळणारी नोंद मागतो आणि सारांशावर भागवत नाही. २००८ च्या आरएफसी ५२८३ ने ही अट शिथिल केली. परंतु सारांशाआड दडलेला राउटर बंद पडला तरी सारांश जिवंतच राहतो, त्यामुळे ती बातमी दुसऱ्या मार्गाने पोहोचवण्याची जबाबदारी नेटवर्क आखणाऱ्यावर येते.