आयातीमुळे रोजी गेलेल्या कामगारांसाठी अमेरिकेचा कायदा

कापडाच्या धंद्यात बसणाऱ्याला एक गोष्ट चांगली ठाऊक असते. बाहेरून स्वस्त माल आला की गिऱ्हाईक खूश होते, व्यापाऱ्याचा गल्ला भरतो. पण तोच माल गावात बनविणाऱ्या कारागिराची रोजी जाते. फायदा लाखो लोकांना थोडा थोडा होतो, नुकसान मात्र मोजक्या घरांवर सगळेच्या सगळे पडते. या घरांचे काय, या प्रश्नावर अमेरिकेने एक कायदेशीर उपाय केला होता. आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी तो समजून घेण्यासारखा आहे.

१९६२ साली अध्यक्ष केनेडी यांच्या काळात आयात खुली करणारा कायदा झाला. आयातीमुळे ज्याचे काम जाईल त्याला सरकार मदत करील, हे त्यातच लिहिले होते. म्हणजे ही खैरात नव्हती, सौद्याचाच भाग होता. पण अटी इतक्या कडक होत्या की १९६९ पर्यंत एकाही कामगाराला लाभ मिळाला नाही. १९७४ च्या कायद्याने अटी सैल केल्या आणि योजना खऱ्या अर्थाने चालू झाली. पुढे कारखाना परदेशी हलविल्यामुळे काम गेलेल्यांनाही तिचा लाभ मिळू लागला.

तिची रीत अशी होती. कारखान्यातील तीन कामगार, त्यांची युनियन किंवा खुद्द मालक केंद्रीय कामगार खात्याकडे अर्ज करीत. काम गेल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज होणे जरूर होते. खाते कारखान्याची विक्री, उत्पादन व आयातीचे आकडे तपासून दाखला देई. दाखला मिळाला की कामगाराला नवीन हुनर शिकण्याचा खर्च मिळे. नेहमीचा बेकारी भत्ता संपल्यावरही, शिक्षण चालू असेल तर, दर आठवड्याला भत्ता मिळत राही. दुसऱ्या गावी नोकरी लागल्यास बिऱ्हाड हलविण्याचा खर्चही मिळे. २००२ साली आणखी एक सोय झाली. पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराने कमी पगाराची नोकरी पत्करली, तर जुन्या व नव्या पगारातील निम्मा फरक सरकार दोन वर्षांपर्यंत देऊ लागले. त्याची कमाल मर्यादा १० हजार डॉलर होती.

आपल्या धंद्यातलेच उदाहरण घेऊ. नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅनापोलिस नावाचे गाव आहे. 'कॅनन' छापाच्या टॉवेलांवर ते वसले. तेथील पिलोटेक्स कंपनी ३० जुलै २००३ रोजी बंद पडली आणि त्या राज्यातील सुमारे ४,८०० कामगार एकदम बेकार झाले. त्यांना या योजनेचा दाखला मिळाला. दोन हजारांहून अधिक कामगार जवळच्या कॉलेजात दाखल झाले. त्यांत अनेकांनी शालेय शिक्षणही पुरे केलेले नव्हते. आयुष्यभर मागावर उभ्या राहिलेल्या माणसाला आधी गणित आणि वाचन शिकावे लागले. काहींना नवी नोकरी मिळाली, पण अनेकांना पूर्वीचा पगार पुन्हा मिळाला नाही. 'कॅनन' हे नाव टिकले, टॉवेल मात्र परदेशात विणले जाऊ लागले.

या योजनेची मुदत संसदेकडून वेळोवेळी वाढवून घ्यावी लागे. १ जुलै २०२२ रोजी मुदत संपली, ती वाढविली गेली नाही आणि नव्या अर्जांवर दाखले देणे थांबले. सौद्यातील आयातीचा भाग कायम राहिला, मदतीचा भाग गळाला.

आपल्याकडेही अशी एक योजना होती. बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या कामगारांसाठी केंद्र सरकारने १९८६ साली पुनर्वसन निधी सुरू केला. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के व तिसऱ्या वर्षी २५ टक्के, असा त्याचा हिशेब होता. २०१७ साली ही योजना राज्य विमा महामंडळाच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली. म्हणजे आता विमा असलेला कामगारच तिचा हकदार.

अमेरिकेत काय, इथे काय, मदत कागदावर नाव असलेल्यालाच मिळते. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या किती जणांचे नाव हजेरीपटावर आहे? किती जणांचा विमा भरला जातो? उद्या माग थांबला, तर वीस वर्षे काम केल्याचा पुरावा तो काय दाखविणार? म्हणून कारखानदार बंधूंनी नाव नोंदविण्यात टाळाटाळ करू नये आणि कारागिरांनी पगाराची चिठ्ठी जपून ठेवावी. मजुराचा हक्क म्हणजे नुसती त्याची मजुरी नव्हे, त्याची नोंदही त्यात येते.