तुकडे केले म्हणून वेबसेवा वाढत नाही

मोठी वेबसेवा उभारायची तर पहिल्या दिवसापासून मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे छोट्या स्वतंत्र सेवा, हव्यात, हा समज सॉफ्टवेअर क्षेत्रात पक्का रुजला आहे. दाखला बहुतेकदा नेटफ्लिक्सचा असतो. ऑगस्ट २००८मध्ये या कंपनीचा डेटाबेस बिघडला, तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत आणि तिने क्लाउडकडे, छोट्या स्वतंत्र सेवांकडे मोर्चा वळवला. हे खरेच. पण ते स्थलांतर पुरे व्हायला जानेवारी २०१६ उजाडला, एवढे सांगायचे राहून जाते.

मॉड्यूलर म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारे, हा गोंधळही तितकाच पसरलेला. डेव्हिड पार्नस यांनी १९७२च्या लेखात मांडलेली कसोटी वेगळीच आहे: पुढे बदलू शकेल असा निर्णय एकाच मॉड्यूलच्या पोटात राहावा, इतरांना त्याचा पत्ताही नसावा. उदाहरणार्थ, ऑनलाइन दुकानांना मंच पुरवणाऱ्या शॉपिफायचा गाभा रूबी ऑन रेल्समधले एकच अॅप्लिकेशन आहे. मॉड्यूलच्या सीमा कोडमध्येच आखल्या आहेत. याउलट, दोन ‘स्वतंत्र’ सेवा डेटाबेसमधले एकच टेबल वापरत असतील, तर एका कॉलमचे नाव बदलताच दोन्ही अडकतात.

सेवा वेगळ्या केल्यावर सर्वांत महागात पडते ते त्यांना जोडणाऱ्या नेटवर्कला गृहीत धरणे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या पीटर डॉइच यांनी १९९४मध्येच अशा फसव्या गृहीतकांची यादी केली होती. ‘नेटवर्क भरवशाचे असते’ हे त्यातले एक. हिशेब करून पाहावा. ९९.९ टक्के वेळ चालू राहणारी एक सेवा महिन्यात सुमारे ४३ मिनिटे बंद पडते. पण एकेका विनंतीला अशा ३० सेवांची साखळी लागत असेल आणि त्या आपापल्या वेळी बंद पडत असतील, तर बंद काळ २१ तासांवर जातो! शिवाय उत्तर आले नाही म्हणजे काम झाले नाही, असेही नसते. पैसे कापले गेले आणि फक्त निरोप हरवला, असे होऊ शकते. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक हवा. तीच विनंती पुन्हा आली, तरी पैसे दुसऱ्यांदा कापले जाता कामा नयेत.

एकसंध सेवा वाढूच शकत नाही, हेही खरे नाही. अॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओतील एका गटाने चित्र-आवाजाचा दर्जा तपासणारी यंत्रणा सुट्या घटकांतून बांधली होती. अपेक्षित भाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच ती अडली. २०२३मध्ये या गटाने जाहीर केले, की सगळे घटक एकाच प्रोसेसमध्ये आणल्यावर खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला. वाढत्या तपासण्यांसाठी त्यांनी त्याच सेवेच्या जास्त प्रती चालवल्या.

वेगळी सेवा काढण्याची सबळ कारणे मोजकीच: एखाद्या भागाचा भार इतरांहून फारच निराळा असणे, किंवा वेगळ्या गटाला तो स्वतःच्या वेळापत्रकाने बदलावा लागणे.